गिझर, बंब आणि शेगडी : थंडीपूर्वीची निगा

कोजागरी झाली की पहाटेच्या हवेत गारवा जाणवू लागतो. माळ्यावरच्या रजया आणि गोधड्या उन्हात पडतात. दिवाळीची साफसफाई सुरू होते. जळमटे निघतात, भिंतींना रंग लागतो, पितळेची भांडी चिंचेने लख्ख होतात. या सगळ्या गडबडीत एका वस्तूकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. ती म्हणजे बाथरूमच्या भिंतीवर टांगलेला गॅसचा गिझर.

उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात हा गिझर बहुतेक घरांत पडूनच असतो. आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे त्याच्यावर एकदम भार येतो. लेकी-जावई, नातवंडे, पाहुणे यांनी घर भरलेले असते. तेल-उटणे लावून एकामागून एक आठ-दहा जणांची अभ्यंगस्नाने होतात. थंडी म्हणून खिडकी बंद, वारा लागतो म्हणून दार बंद, आणि गिझर तासभर अखंड चालू. वाचकहो, या पहाटेची मला डॉक्टर म्हणून दरवर्षी धास्ती वाटते. म्हणूनच आज कोणत्याही औषधाविषयी न लिहिता गिझरविषयी लिहीत आहे. त्याच्याच जोडीला अंगणातला बंब आणि खोलीतली शेगडी यांचाही विचार करू, कारण तिन्हींचे मूळ एकच आहे. घरात पेटणारा विस्तव आणि त्याला लागणारी हवा!

विस्तवालाही श्वास लागतो

माणूस जसा हवेतला प्राणवायू घेऊन जगतो, तसाच विस्तवही प्राणवायू घेऊनच जळतो. गॅसला भरपूर प्राणवायू मिळाला तर तो पूर्ण जळतो. मग त्यातून मुख्यत: कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. प्राणवायू अपुरा पडला तर ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होऊ लागतो. हा वायू अत्यंत विषारी आहे. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. त्याने डोळे चुरचुरत नाहीत की खोकलाही येत नाही. त्यामुळे तो कोंडला आहे हे आपल्याला कळतच नाही.

'गॅसचा वास आला नाही, म्हणजे सगळे ठीक आहे,' असे बरेच जण समजतात. हा समज घातक आहे. आपल्या सिलिंडरमधल्या गॅसलाही स्वत:चा ठळक वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम एक उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. पण गॅस जळतो तेव्हा ते द्रव्यही जळून जाते. म्हणजे न जळलेल्या गॅसची गळती नाकाला कळते, पण अर्धवट जळलेल्या गॅसचे विष कळत नाही.

हे विष करते काय? आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन हा तांबडा पदार्थ फुप्फुसातून प्राणवायू उचलतो आणि मेंदू, हृदय, स्नायू अशा प्रत्येक अवयवाला पोचवतो. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा २०० हून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. एस.टी.त सगळ्या सीटवर कोणीतरी रुमाल टाकून ठेवावेत आणि खऱ्या प्रवाशाला जागाच मिळू नये, तसा हा प्रकार आहे. रक्त आहे, ते वाहतेही आहे, पण त्यात प्राणवायूला जागा नाही. मेंदू आणि हृदय यांना प्राणवायूची गरज सर्वांत जास्त, म्हणून पहिला फटका त्यांनाच बसतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉन स्कॉट हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने स्वत: हा वायू हुंगून त्याचे परिणाम नोंदवले. खाणीत उतरताना सोबत लहान प्राणी न्यावेत, असे त्याने सुचवले. इवल्या कॅनरी पक्ष्याला विषबाधा माणसाच्या आधी होते. तो पक्षी कोसळला की खाणकामगार सावध होत. ब्रिटनमधल्या खाणींत ही पद्धत १९८६ पर्यंत चालू होती. आपल्या बाथरूममध्ये असा पक्षी नसतो, एवढे ध्यानात ठेवावे.

चार बाय सहाचे बाथरूम

आता थोडे गणित करू. मिनिटाला ६ लिटर पाणी तापवणाऱ्या नेहमीच्या गिझरने पाणी २५ अंशांनी तापवायचे म्हटले, तर त्याला तासाला साधारण १ किलो गॅस लागतो. एक किलो गॅस पूर्ण जळायला सुमारे १२ हजार लिटर हवा लागते. म्हणजे पाव तासाला ३ हजार लिटर.

आपले बाथरूम केवढे असते? चार फूट रुंद, सहा फूट लांब आणि आठ फूट उंच धरले, तर त्यात सुमारे ५,४०० लिटर हवा मावते. म्हणजे पाव तासात गिझरला निम्म्याहून अधिक बाथरूमची हवा लागते. त्याच पाव तासात स्वस्थ बसलेला माणूस शंभर-सव्वाशे लिटर हवा श्वासात घेतो. याचा अर्थ गिझर एकटा पंचवीस माणसांइतकी हवा ओढतो! दाराखालच्या फटीतून थोडी हवा येत असेल, पण तिचा वेग या खर्चाला पुरत नाही. खोलीतला प्राणवायू जसजसा उतरतो तसतशी ज्योत बिघडते, आणि मग विषारी वायू झपाट्याने वाढतो.

यावरून दुसरीही गोष्ट लक्षात येईल. पहिल्या माणसाची आंघोळ निर्वेध होते, दुसऱ्याला जरा डोके जड वाटते आणि तिसरा किंवा चौथा माणूस आत कोसळतो. 'आत्ता तर मी आंघोळ करून आलो, मला काही झाले नाही,' हा पुरावा येथे उपयोगाचा नाही. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक छोट्या गिझरना धूर बाहेर नेणारा पाइप नसतो. जळलेला वायू वरच्या फटींतून त्याच खोलीत उतरतो. बाथरूम दार लावण्याची जागा आणि त्याला आतून कडी, त्यामुळे बाहेरच्यांना काही कळत नाही. शॉवरच्या आवाजात हाकही ऐकू येत नाही.

लक्षणे कशी ओळखावीत?

सुरुवात डोकेदुखीने होते. कपाळावर पट्टा आवळल्यासारखे वाटते. मग गरगरणे, मळमळणे, छातीत धडधडणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे. पाय लटपटतात. माणसाला धोका जाणवला तरी उठून कडी काढण्याचे त्राण राहत नाही. पुढे झटके येतात किंवा शुद्ध हरपते. हवेत या वायूचे प्रमाण दहा लाख भागांत १,६०० भाग झाले, तर वीस मिनिटांत डोके दुखू लागते आणि तासाभरात मृत्यू येऊ शकतो. प्रमाण याच्या चौपट झाले, तर एक-दोन मिनिटांतच त्रास सुरू होतो आणि दहा-पंधरा मिनिटांत सारा खेळ आटोपतो.

गर्भवती स्त्रिया, लहान मुले, वृद्ध, हृदयविकाराचे आणि रक्तक्षयाचे रोगी यांना कमी प्रमाणातही जास्त अपाय होतो. पोटातल्या बाळाचे रक्त हा वायू आईच्या रक्तापेक्षा घट्ट धरून ठेवते आणि उशिरा सोडते. आई सावरली तरी बाळाला धोका राहतो. म्हणून गर्भवतीला आंघोळीच्या वेळी साधी भोवळ आली, तरी ती 'दिवस असल्यामुळे आली' असे म्हणून सोडून देऊ नये.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक विशीतली मुलगी आली. दोन वर्षांत तिला तीनदा झटके आले होते. फिट्सच्या गोळ्या चालू होत्या. लग्नाच्या गोष्टी अडल्या होत्या, आणि घरात उपासतापास व अंगारेधुपारे यांनाही सुरुवात झाली होती. मेंदूचा आलेख आणि स्कॅन यांत काही दोष नव्हता. मी तिला एवढेच विचारले, 'झटके आले तेव्हा तू कुठे होतीस?' तिन्ही वेळा बाथरूममध्ये, तिन्ही वेळा थंडीत आणि तिन्ही वेळा केस धुताना. केस धुवायला वेळ लागतो, म्हणून गिझर जास्त वेळ चाललेला. घरच्यांनी गिझर मागच्या उघड्या ओट्यावर हलवला. मेंदूविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली तिच्या गोळ्या हळूहळू बंद झाल्या. त्यानंतर तिला झटका आलेला नाही. भारतातील मेंदूविकारतज्ज्ञांनी अशा रुग्णांची वर्णने वैद्यकीय नियतकालिकांत केलेली आहेत. मात्र हे वाचून कोणी आपल्या मनाने फिट्सच्या गोळ्या थांबवू नयेत. बाथरूममध्येच झटका किंवा भोवळ येत असेल, तर ही माहिती डॉक्टरांना आवर्जून सांगावी, एवढाच याचा बोध.

अर्ध्या दिवसाचे काम

आता निगा. वसुबारसेच्या आधीचा एखादा रविवार यासाठी राखून ठेवावा. कामाला लागण्यापूर्वी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा, गिझरचा पाण्याचा कॉक बंद करावा आणि गिझरमधले सेल काढून ठेवावेत. मग पुढील क्रमाने जावे.

पहिली पाहणी हवेची. झरोका किंवा काचपट्ट्यांची खिडकी खरोखर उघडी आहे का, ते पाहा. थंडीत वारा लागतो म्हणून पुष्कळ घरांत तिथे पुठ्ठा, थर्माकोल किंवा वर्तमानपत्र चिकटवलेले असते. आमचा हा अंकही त्या कामी येऊ नये अशी विनंती आहे! पुठ्ठा काढा, जाळीवरची धूळ आणि कोळिष्टके झाडा. हवा येण्यासाठी खाली एक वाट आणि जाण्यासाठी वर एक वाट, अशा दोन वाटा हव्यात. दाराला खाली जाळी नसेल, तर सुताराकडून बसवून घ्या. ती बाहेरून पायपुसणे सरकवून बंद करू नका.

दुसरी पाहणी गिझरच्या जागेची. खरे सांगायचे तर गॅसच्या गिझरची जागा बाथरूममध्ये नाहीच. मागचा ओटा, उघडी गॅलरी किंवा परसाची भिंत येथे गिझर बसवावा आणि फक्त गरम पाण्याची नळी आत घ्यावी. पावसापासून आडोसा करावा, पण चारही बाजूंनी पेटीत कोंडू नये. हा खर्च एकदाच होतो. या लेखातली एकच गोष्ट करायची असेल, तर ही करा. जागाच नसेल, तर विजेचा किंवा सौर बंबाचा पर्याय बघावा.

तिसरी पाहणी रबरी नळीची. आय.एस.आय. शिक्का असलेली गॅस कंपनीची सुरक्षा नळीच वापरावी. ती पाच वर्षांनी बदलायची असते. नळी वाकवून पाहा. भेगा दिसल्या, उंदराने कुरतडलेली वाटली किंवा टोकाला सैल झाली असेल, तर मुदतीची वाट न पाहता बदला. नंतर रेग्युलेटर सुरू करून प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावा. फुगे आले म्हणजे गळती आहे. काडी ओढून गळती शोधण्याचा पराक्रम कोणी करू नये. गळती दिसली तर रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, विजेचे बटण चालू किंवा बंद काहीच करू नका. घराबाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवा.

चौथे काम सेल आणि पाण्याची जाळी. वर्षभर आत राहिलेले सेल पाझरतात, त्यांच्या पत्र्यांना पांढरट-हिरवी पूड चढते. पत्रे कोरड्या कापडाने पुसून नवे सेल घाला आणि उन्हाळ्यात काढून ठेवण्याची सवय लावा. थंड पाण्याच्या तोंडाशी एक लहान जाळी असते. तिच्यात वाळू आणि गंज अडकतो, पाण्याची धार बारीक होते आणि गिझर सारखा पेटतो-विझतो. पाण्याचा कॉक बंद करून ही जाळी काढावी, जुन्या दातांच्या ब्रशने धुवावी आणि वायसरसकट पुन्हा बसवावी.

पाचवे काम बाहेरची सफाई. पडून असलेल्या गिझरमध्ये कोळी जाळी विणतो, पाली अंडी घालतात, कुंभारमाशी मातीचे घर बांधते. खालून हवा शिरण्याच्या आणि वरून धूर निघण्याच्या फटी कोरड्या ब्रशने साफ करा. वरच्या फटींवर किंवा भिंतीवर काळा डाग दिसला, तर तो केवळ मळ नव्हे. ती काजळी आहे, म्हणजे ज्वलन अर्धवट होत असल्याची खूण. असा गिझर कारागिराला दाखवल्याखेरीज पेटवू नये.

सहावी आणि शेवटची पाहणी ज्योतीची. दार-खिडकी सताड उघडी ठेवून गरम पाण्याचा नळ सोडा आणि गिझरच्या छोट्या खिडकीतून पाहा. ज्योत निळी, स्थिर आणि सारखी हवी. ती पिवळी, लांबट, फडफडणारी असेल, पेटताना 'भप्प' असा आवाज होत असेल किंवा डोळे चुरचुरत असतील, तर गिझर बंद करा. उलट, ज्योत निळी दिसली म्हणून बाथरूम बंद करून बसायला मोकळीक मिळाली, असेही समजू नका. दार उघडे असताना निळी असलेली ज्योत दार लावल्यावर दहा मिनिटांनी तशीच राहील, याची हमी कोणी देऊ शकत नाही.

येथे हात घालू नये

गिझरचे झाकण उघडून आतला बर्नर, गॅसची भोके, व्हॉल्व्ह किंवा सेन्सर यांना घरच्या माणसाने हात लावू नये. गॅसचे भोक सुईने टोकरल्यास ते मोठे होते, गॅस जास्त येतो आणि हवा तेवढीच राहते. म्हणजे दुरुस्तीच्या नावाखाली विष वाढते. 'गिझर मध्येच बंद पडतो' म्हणून सेन्सरची वायर जोडून टाकणारे मिस्त्रीही असतात. अशी सोय करून घेणे म्हणजे घराच्या राखणदाराला बांधून ठेवण्यासारखे आहे.

वर्षातून एकदा माहीतगार कारागीर बोलवावा आणि त्याच्याकडून तीन कामे समोर उभे राहून करून घ्यावीत. बर्नर साफ करणे, पाणी तापवणाऱ्या तांब्याच्या पात्यांमधली काजळी काढणे आणि नळीत बसलेला क्षार काढणे. ही पाती अगदी जवळजवळ असतात. त्यांच्यात काजळी अडकली की गरम वायूला वर जायला वाट राहत नाही, खालून ताजी हवाही ओढली जात नाही, आणि काजळीने आणखी काजळी वाढते. आपल्याकडे बोअरचे पाणी जड असते, त्यामुळे क्षारही लवकर साचतो.

ज्यांची मुले अमेरिकेत किंवा कॅनडात आहेत, त्यांना तिकडचा रिवाज ठाऊक असेल. तिथे सगळे घर तापवणारी गॅसची भट्टी बहुधा तळघरात असते. थंडी सुरू होण्यापूर्वी तिची जाळी बदलणे, धुराडे तपासणे आणि कारागिराला बोलावणे हा वार्षिक नेम असतो. घरात कार्बन मोनॉक्साइड ओळखून ठणाणा करणारी छोटी पेटीही लावलेली असते. ही पेटी आता आपल्याकडेही विकत मिळते. गिझर हलवणे शक्य नसेल त्यांनी ती जरूर घ्यावी. तिचे बटण महिन्यातून एकदा दाबून आवाज तपासावा आणि पेटीवर लिहिलेल्या मुदतीनंतर ती बदलावी.

बंब आणि बाळंतिणीची शेगडी

तांब्याचा बंब अजून पुष्कळ घरांत टिकून आहे, आणि दिवाळीला तर तो हमखास बाहेर निघतो. तो अंगणात पेटत असे तोवर निर्धोक होता. आता अंगण गेले आणि बंब मोरीत किंवा जिन्याखाली आला, तिथे धोका सुरू झाला. बंबाची जागा उघड्यावरच. पेटवण्यापूर्वी जाळीवरची जुनी राख काढावी, मधल्या नळीतली काजळी काठीला चिंधी बांधून पुसावी आणि आधी पाणी भरून मगच विस्तव घालावा. कोरडा बंब तापला तर त्याचे डाग वितळतात आणि बंब गळू लागतो.

शेगडीचे मात्र जपून. कोळशाचा धूर डोळ्यांना लागतो, म्हणून लोक धूर निघून गेल्यावर लालबुंद निखारे खोलीत आणतात. पण धूर गेला म्हणजे विष गेले असे नाही. फुललेल्या निखाऱ्यांतूनही कार्बन मोनॉक्साइड निघत असतो आणि आता तो डोळ्यांना कळतही नाही. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवून ओवा-शेपाची धुरी देण्याची पद्धत आपल्याकडे आहे. आजींच्या काळी कौलांच्या फटींतून हवा खेळत असे. आज स्लॅबच्या खोलीत, दार-खिडकी लावून, आई आणि दहा दिवसांचे बाळ यांच्यापाशी तीच शेगडी ठेवणे म्हणजे दोघांच्याही जिवाशी खेळ आहे. आजीबाईंचे मन मोडण्याचे कारण नाही. शेकायचेच तर गरम पाण्याच्या पिशवीने किंवा तव्यावर गरम केलेल्या कापडाने, बाळंतिणीला सोसेल एवढेच शेकावे. बाळाला टोपडे, लंगोट, दुपटे आणि आईची कूस एवढी ऊब पुरते. रात्री घमेल्यात निखारे घेऊन केबिन बंद करून झोपणाऱ्या रखवालदारांनाही हे कोणीतरी सांगायला हवे.

अपघात झालाच तर

हाकेला उत्तर आले नाही, तर 'दार कशाला मोडायचे' असा विचार करू नका. दार ताबडतोब मोडा. आत शिरण्यापूर्वी मोकळ्या हवेत मोठा श्वास घ्या आणि तो रोखूनच आत जा. रोग्याला ओढून बाहेर मोकळ्या हवेत आणा, अंगावर चादर टाका. दुसऱ्याने तोवर रेग्युलेटर बंद करावा. वाचवायला गेलेलाच कोसळला, असे होऊ देऊ नका.

श्वास चालू असेल, तर रोग्याला कुशीवर वळवा. श्वास थांबला असेल आणि छाती दाबण्याचे प्रशिक्षण घेतलेला कोणी असेल, तर त्याने लगेच सुरुवात करावी. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. कांदा किंवा चप्पल हुंगवणे, तोंडात पाणी ओतणे, दातखीळ चमच्याने उघडणे यांत वेळ घालवू नका.

दवाखान्यात पोचताच पहिले वाक्य हे सांगा : 'बाथरूममध्ये गॅसचा गिझर चालू होता.' या एका वाक्याने उपचाराची दिशा बदलते. साध्या हवेत रक्तातले हे विष निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. मास्कने शुद्ध प्राणवायू दिला, तर तेच काम साधारण तास-दीड तासात होते. प्राणवायू हाच येथे खरा उपचार आहे. गंभीर रोग्याला मोठ्या शहरात जादा दाबाखाली प्राणवायू देण्याची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे लागते.

करोनाच्या साथीत, २०२० आणि २०२१ साली, पुष्कळ घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले. येथे त्यावर विसंबू नका. साधा ऑक्सिमीटर विषाने व्यापलेले हिमोग्लोबिन आणि प्राणवायूने भरलेले हिमोग्लोबिन यांत फरक करू शकत नाही. रोगी गुदमरत असताना तो ९८ दाखवील! अंग लाल दिसण्याची वाटही पाहू नका. ते लक्षण जिवंत रोग्यात क्वचितच दिसते.

रोगी शुद्धीवर आला, चहा प्यायला, बोलू लागला, तरी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घरी ठेवू नका. काही रोग्यांत दोन-तीन दिवसांनी किंवा काही आठवड्यांनीही विसर पडणे, चिडचिड, चालताना तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे असे त्रास सुरू होतात. असे काही दिसले तर लगेच पुन्हा तपासून घ्यावे.

नेहमीच्या काही शंका

*आमच्या बाथरूमला एक्झॉस्ट फॅन आहे. तो पुरेसा नाही का?* फॅन हवा बाहेर फेकतो, पण तेवढी आत यायला वाट नसेल, तर ज्योतीला लागणारी हवाही तोच ओढून नेतो. खाली जाळी असेल तरच फॅनचा उपयोग.

*नव्या गिझरमध्ये वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय आहे.* चांगली गोष्ट आहे. पण नळ बंद करून पुन्हा सोडला की वीस मिनिटे पुन्हा सुरू होतात, आणि खोलीतली हवा तर जुनीच असते.

*दहा वर्षे वापरतो आहोत, काही झाले नाही.* गिझर दहा वर्षांचा झाला, पात्यांत दहा वर्षांची काजळी साचली आणि गेल्या वर्षी लाकडी खिडकीच्या जागी घट्ट बसणारी ॲल्युमिनियमची खिडकी आली. म्हणजे परिस्थिती दहा वर्षांपूर्वीची राहिलेली नाही.

*गिझर हलवायला दिवाळीनंतरच जमेल. तोपर्यंत काय?* तोपर्यंत एकच शिस्त पाळा. दार-खिडकी उघडी ठेवून बादल्या भरून घ्या. गिझर बंद करा. पाच मिनिटे हवा खेळू द्या. मगच आत जाऊन दार लावा आणि बादलीतल्या पाण्याने आंघोळ करा. दार लागलेले असताना गिझर चालू नसला पाहिजे. घरातल्या लहान मुलांनाही हे सहज पाठ होते.

खाली दिलेले कात्रण कापून बाथरूमच्या दारावर बाहेरून चिकटवावे. दिवाळीला आलेल्या पाहुण्यांना आपल्या घरच्या शिस्तीची कल्पना नसते.

कात्रण

१. आधी बादली भरा, मग गिझर बंद करा, मग दार लावा.
२. झरोका आणि दाराखालची जाळी कधीही झाकू नका.
३. दोन आंघोळींच्या मध्ये पाच मिनिटे दार उघडे ठेवा.
४. डोके जड वाटले, मळमळले, तर तसेच बाहेर या. लाजू नका.
५. वृद्ध, गर्भवती आणि मुले आत असताना कडी लावू नये. दर दोन-तीन मिनिटांनी बाहेरून हाक द्यावी.
६. उत्तर आले नाही तर दार मोडा. १०८ ला फोन करा. दवाखान्यात 'गॅसचा गिझर' असे सांगा.